पत्र्याची बोट घेताना आधी तळ बघा

जुनी अ‍ॅल्युमिनियमची बोट घ्यायची आणि डेक, खुर्च्या, नाळेवरची म्हणजे पुढच्या टोकावरची ट्रोलिंग मोटर (बोट हळू चालवणारी, बॅटरीवरची लहान मोटर), मासे शोधणारा फिशफाइंडर असं सगळं आपल्या हाताने बसवायचं, हा अमेरिकेत तळ्याकाठी राहणाऱ्या अनेकांचा हिवाळ्यातला उद्योग. गॅरेज असतं, हत्यारं असतात, व्हिडिओ तर ढिगाने. फसगत बांधकामात फारशी होत नाही, खरेदीत होते. जाहिरातीच्या फोटोत नवा रंग, नवं कार्पेट आणि दोन फिरत्या खुर्च्या दिसल्या की माणूस भुलतो. आणि नेमक्या याच तीन गोष्टी पहिल्याच आठवड्यात उखडून बाहेर जाणार असतात.

बोटीच्या चार गोष्टी नंतर बदलता येत नाहीत: तळाची रुंदी, तळाचा आकार, पत्र्याची जाडी आणि ट्रान्समची उंची. ट्रान्सम म्हणजे बोटीची मागची उभी पाटी, जिच्यावर इंजिन टांगतात. पैसे या चार गोष्टींसाठी मोजायचे. बाकी सगळं हार्डवेअरच्या दुकानात मिळतं.

पाणी कुठलं ते आधी ठरवा

सपाट तळाच्या, चौकोनी नाळेच्या बोटीला जॉन बोट म्हणतात. ती चार-पाच इंच पाण्यातही तरंगते, उभं राहून गळ टाकताना कमी डुगडुगते, आणि तिच्या सपाट पृष्ठभागांवर डेक बसवणं सोपं जातं. टेक्सास-लुइझियानाच्या हद्दीवरच्या कॅडो लेकसारख्या, सायप्रसच्या झाडांमधून वाट काढायच्या पाण्यात तिच्यासारखी दुसरी नाही. पण वारा सुटला, फूटभर लाट उठली की तोच सपाट तळ पाण्यावर थापा मारत जातो. तासभर तशा थापा खाल्ल्या की कंबर आठवते. लेक सेंट क्लेअर किंवा टेक्सोमासारख्या उघड्या पाण्यात व्ही आकाराचा तळ हवा. तो लाट कापतो, पण उभं राहिल्यावर जास्त कलतो आणि त्याला पाणीही जास्त खोल लागतं.

दोन्हींच्या मधला प्रकार म्हणजे मॉडिफाइड व्ही: पुढे थोडा टोकदार, मागे सपाट. कधी लहान तळं तर कधी मोठं धरण असं फिरणार असाल आणि डेकही करायचा असेल, तर बहुतेकांना हाच सोयीचा पडतो.

इंजिनाचे नियमही इथेच बघून घ्या. न्यू जर्सीत मनास्क्वान रिझर्व्हायरवर फक्त इलेक्ट्रिक मोटर चालते, तर स्प्रूस रन आणि राउंड व्हॅलीवर मर्यादा 10 हॉर्सपॉवरची. शनिवार-रविवार तिथेच जाणार असाल तर जाड पत्र्याची सोळा फुटी बोट घेऊन काय करणार? ती बॅटरीवर किंवा लहानशा इंजिनावर ओढत न्यावी लागेल. तिथे चौदा फुटी हलकी बोटच शहाणपणाची.

1448 म्हणजे काय

जॉन बोटीच्या नावातच तिचं माप असतं. 1448 म्हणजे लांबी 14 फूट, तळाची रुंदी 48 इंच. 1436 म्हणजे तेवढीच लांब, पण तळ 36 इंची. फूटभराचा फरक, पण पाण्यावर त्या दोन वेगळ्याच बोटी. 36 इंचीत खालची जमीन आणि पुढे एक बुटका डेक, इतकंच करावं. त्यात काठाच्या उंचीचा डेक केला आणि दोघं एकाच बाजूला मासा बघायला वळले, की बोट कलंडायला वेळ लागत नाही. 48 इंचीत दोन माणसं उभी राहून निवांत मासेमारी करतात. बारा फुटी 1232 ट्रकच्या मागच्या खणात टाकून नेण्यासाठी छान आहे, बांधकामासाठी नाही.

लांबी की रुंदी असा पेच पडला तर रुंदी घ्या. 1648 आणि 1652 यांतही तोच न्याय.

रुंदी विकणाऱ्याच्या तोंडून घेऊ नका, टेप लावून मोजा. आणि ती तळाला मोजा. काठापासून काठापर्यंत मोजलं तर 48 इंची तळाची बोटही साठ-पासष्ट इंच भरते, आणि जाहिरातीत नेमका तोच आकडा छापलेला असतो.

रिव्हेट की वेल्ड

पत्रा साधारणपणे 5052 मिश्रधातूचा असतो आणि जाडी इंचाच्या हजाराव्या भागात सांगतात. 0.050 म्हणजे सव्वा मिलिमीटरच्या आसपास, 0.063 म्हणजे 1.6, 0.080 म्हणजे 2, आणि 0.100 म्हणजे अडीच मिलिमीटर. पातळ पत्र्याच्या बोटी बहुधा रिव्हेटच्या, जाड पत्र्याच्या वेल्डच्या. ट्रॅकर कंपनीच्या जॉन बोटींमध्ये टॉपर मालिका रिव्हेटची आणि ग्रिझली मालिका वेल्डची, हे उदाहरण लक्षात ठेवलं की दोन्ही जाती ओळखता येतात.

रिव्हेटची बोट हलकी आणि स्वस्त. वीस-तीस वर्षांत रिव्हेट सैल होतात आणि पाणी पाझरतं, पण ते घरी दुरुस्त होतं. एकाने बाहेरून रिव्हेटच्या डोक्याला जड लोखंडी ठोकळा दाबून धरायचा, दुसऱ्याने आतून हातोडीने रिव्हेटची शेपटी पुन्हा बसवायची. रिव्हेट बदलावाच लागला तर भरीव रिव्हेट घ्या. नाहीतर बंद टोकाचा, पॉप गनने बसणारा 3/16 इंची रिव्हेट समुद्री सीलंट लावून वापरा. दुकानात टांगलेले साधे पॉप रिव्हेट पाण्याच्या रेषेखाली लावू नका. त्यांची मधली तार तुटते तिथे भोक राहतं, आणि पाणी तिथूनच येतं.

वेल्डची बोट दगडाला घासली तरी तग धरते, पण ती जड असते आणि चीर गेली की घरी काही करता येत नाही. वेल्डिंगच्या उष्णतेने शिवणीलगतचा पत्रा मऊ पडतो. म्हणून चीर शिवणीवर नाही, तिच्या कडेला शोधा. अ‍ॅल्युमिनियमला टिग वेल्डर लागतो आणि त्याचं बिल बोटीच्या किमतीच्या बरोबरीला येऊ शकतं. हौसेच्या पहिल्या बोटीसाठी 0.063 ते 0.080 जाडीची, थोडी पाझरणारी रिव्हेटची बोट ही चिरलेल्या वेल्डच्या बोटीपेक्षा केव्हाही बरी.

बघायला जाताना

टेप, टॉर्च, टोच्या, रबरी हातोडी, चुंबक, चार फुटी सरळ पट्टी आणि खडू. एवढं जवळ असलं की अर्ध्या तासात काय ते कळतं.

टॉर्चने सुरुवात करा. दिवस मावळताना किंवा अंधाऱ्या गॅरेजमध्ये टॉर्च आत तळाशी फिरवायचा आणि दुसऱ्याने बाहेरून बघायचं. सुईच्या टोकाएवढं भोकही ताऱ्यासारखं चमकतं. भोकं ओळीत, रिव्हेटच्या रांगेत असली तर काळजी नाही. ती तळभर विखुरलेली असली तर पत्रा खड्डे पडून आतून खाल्ला गेला आहे. अशी बोट सोडून द्या. हे बहुधा ओल्या कार्पेटखाली होतं, किंवा तळात वर्षानुवर्षं पडलेल्या शिशाच्या वजनांमुळे, लोखंडी स्क्रूंमुळे. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना लागले की अ‍ॅल्युमिनियम झिजतं. कार्पेटचा कोपरा उचलून बघू द्या म्हणा. खाली पांढरी भुकटी दिसली तर ती मीठ नव्हे, पत्रा आहे. विकणारा कोपरा उचलू देत नसेल तर तेही उत्तरच.

मग चुंबक. बोटीत वापरलेला चांगला स्टेनलेस स्टीलचा स्क्रू चुंबकाला जवळपास चिकटत नाही. चुंबक टपकन बसला की तो जस्त चढवलेला साधा स्क्रू. असे पाच-पन्नास स्क्रू मिळाले तर आधीच्या मालकाने घाईने काम उरकलं आहे. मग जिथे दिसत नाही तिथे त्याने काय केलं असेल?

सरळ पट्टी बोटीच्या तळाला, मागच्या चार फुटांत, लांबीच्या दिशेने धरा. मध्ये पोकळ जागा दिसली आणि पट्टी फक्त पुढे आणि अगदी मागे टेकली, तर तळाला हूक आला आहे. चालताना अशी बोट नाळ खाली खुपसते आणि वेग घेत नाही. कारण बहुतेक वेळा ट्रेलर असतो: बोट ज्यांवर टेकते त्या त्याच्या लांब फळ्या ट्रान्समपर्यंत न पोचता आठ-दहा इंच आधीच संपतात, आणि इंजिनाचं वजन वर्षानुवर्षं मागचा तळ खाली वाकवतं. उलट, मधला भाग फुगून खाली आला असेल तर वेगात नाळ वरखाली उड्या मारते. पोचा मोठा असला तरी तो काठाला किंवा बाजूला असेल तर दुर्लक्ष करा. तळाच्या मागच्या भागातला पोचा मात्र गंभीर.

शेवटी पाणी. मालकाची हरकत नसेल तर ट्रेलरवरच ड्रेन प्लग (पाणी सोडायच्या भोकाचं बूच) लावून बोटीत नळाने पाणी भरा, पण दोन इंचच. हिशोब करा: बारा फूट लांब, चार फूट रुंद तळावर दोन इंच पाणी म्हणजे आठ घनफूट, म्हणजे जवळपास 500 पौंड. सहा इंच भरलं तर दीड हजार पौंड होतं, आणि लहान ट्रेलर तेवढ्याला वाकतो. दोन इंचांत ट्रेलरचं तोंड आधी उचलून दहा मिनिटं थांबायचं, मग खाली करून दहा मिनिटं. बाहेरून जिथे थेंब दिसेल तिथे खडूने खूण करा. बारा-पंधरा खुणा असल्या तरी हरकत नाही. तळ घासून, कोरडा करून, आतून रिव्हेटच्या रांगांवर ग्लुव्हिटसारखं पातळ इपॉक्सी लावलं की असे बहुतेक पाझर थांबतात. मात्र खुणा एका चिरेच्या रेषेत आल्या तर इपॉक्सीचा उपयोग नाही. बोट हलली की चीर पुन्हा उघडते.

ट्रान्सम: सगळ्यात महाग चूक इथे होते

मालवण-वेंगुर्ल्याकडचा माणूस होडी बघायला गेला की आधी लाकूड कुठे कुजलंय ते बघतो. पत्र्याच्या बोटीला ती सवय सोडू नका. ट्रान्समच्या आत बहुतेक वेळा प्लायवूड असतं, साधारण दीड इंच जाड. पत्र्याच्या आड ते कुजलं तरी बाहेरून काही दिसत नाही.

रबरी हातोडीने सगळ्या पाटीवर ठोकत जा. चांगल्या लाकडाचा आवाज टणक येतो, कुजलेल्याचा भद. मग इंजिनाच्या बोल्टशेजारचा किंवा ड्रेन प्लगजवळचा एखादा स्क्रू काढायला सांगा आणि भोकात टोच्या घाला. ओलं, काळं, भुसभुशीत लाकूड टोच्याला लागून आलं की बाकी ठोकण्याची गरज नाही. इंजिन लावलेलं असेल तर त्याचा खालचा भाग दोन्ही हातांनी धरून वरखाली हलवा आणि नजर पाटीच्या वरच्या कडेवर ठेवा. कड श्वास घेतल्यासारखी आतबाहेर झाली तर ट्रान्सम बदलायचा आहे असं समजून भाव करा.

बदलणं अवघड नाही, फक्त वेळखाऊ. कोपऱ्यांच्या आणि वरच्या पत्र्याच्या टोप्यांचे रिव्हेट ड्रिलने काढायचे. जुनं लाकूड शक्यतो अखंड बाहेर काढायचं, कारण नव्याचा आराखडा तेच. पाऊण इंची एक्स्टिरिअर किंवा मरीन प्लायवूडचे दोन तुकडे कापून इपॉक्सीने जोडायचे आणि क्लॅम्प लावून रात्रभर ठेवायचे. मग सगळीकडून इपॉक्सीचे निदान दोन हात, कडांना तिसरा. पाणी कडेतूनच शिरतं. बोल्टची भोकं आधी मोठी पाडायची, घट्ट इपॉक्सीने भरायची आणि सुकल्यावर त्यातूनच पुन्हा योग्य मापाची पाडायची, म्हणजे बोल्ट लाकडाला शिवतच नाही. बोल्ट स्टेनलेसचे आणि प्रत्येकाला सीलंट.

घराबाहेरच्या डेकसाठी मिळणारं हिरवट, प्रेशर-ट्रीटेड लाकूड बोटीत कुठेच वापरायचं नाही. कुजू नये म्हणून त्यात तांबं मुरवलेलं असतं, आणि तांबं अ‍ॅल्युमिनियमला खातं. ‘हे तर कधी कुजत नाही’ म्हणून मुद्दाम तेच लाकूड वापरून काही वर्षांत ट्रान्समचा पत्रा चाळणी करून घेणारे कमी नाहीत.

ट्रान्समची उंची मध्यभागी, वरच्या कडेपासून तळापर्यंत मोजा. ती 15 इंच असेल तर आखूड शाफ्टचं इंजिन, 20 इंच असेल तर लांब शाफ्टचं. पंख्यावरची आडवी पट्टी तळाच्या पातळीला किंवा इंचभर वर यायला हवी. 20 इंची पाटीवर आखूड शाफ्ट लावला तर पंखा हवा ओढतो आणि इंजिन नुसतं ओरडतं. 15 इंची पाटीवर लांब शाफ्ट लावला तर तो पाण्यात लोळतो आणि उथळ पाण्याचा फायदाच संपतो. इंजिन आधीपासून घरात पडून असेल तर बोट त्याच्या मापाची शोधा.

प्लेट, नंबर, कागद

वीस फुटांखालच्या बोटींवर कोस्ट गार्डच्या नियमाप्रमाणे क्षमतेची प्लेट असते. किती माणसं, एकूण किती वजन आणि किती हॉर्सपॉवर हे तिच्यावर लिहिलेलं असतं. हॉर्सपॉवरचा आकडा सूत्रातून येतो. बोटीची फुटांतली लांबी गुणिले ट्रान्समची फुटांतली रुंदी करा. गुणाकार 52.5 च्या वर असेल, तळ सपाट आणि कडा कोनदार असतील, आणि इंजिन हाताच्या दांड्याने वळवायचं असेल, तर निम्मं करून त्यातून 15 वजा करा. 14 फूट आणि साडेपाच फूट म्हणजे 77. निम्मे 38.5, वजा 15, उरले 23.5. नियमाप्रमाणे ते पाचाच्या पुढच्या पटीत नेता येतं, म्हणजे 25. विकणारा म्हणाला की या चौदा फुटी जॉन बोटीवर 40 चं इंजिन चालतं, तर ते चालेलही, पण प्लेटवर ते नाही. अनेक राज्यांत प्लेटपेक्षा जास्त पॉवर लावणं गुन्हा आहे आणि विमा कंपनी तर प्लेटच बघते.

ट्रान्समच्या उजव्या वरच्या कोपऱ्यात बारा अक्षर-अंकांचा हल नंबर, म्हणजे बोटीचा ओळख क्रमांक असतो. 1 नोव्हेंबर 1972 नंतर बनलेल्या बोटीला तो बंधनकारक आहे. पहिली तीन अक्षरं बनवणाऱ्याची. अलीकडच्या बोटींत शेवटचे दोन अंक मॉडेलचं वर्ष सांगतात. टायटलवरचा (मालकीच्या दाखल्यावरचा) नंबर आणि बोटीवरचा नंबर अक्षरन् अक्षर जुळवून बघा. ट्रेलरचे कागद वेगळे असतात, तेही मागा. राज्याराज्यांत नियम वेगळे. न्यू जर्सीत 12 फुटांवरच्या बोटीला टायटल लागतं. ‘कागद हरवलेत, पण मिळतील सहज’ या वाक्यावर पैसे देऊ नका. सहज मिळत असते तर त्याने आधीच आणले नसते?

ट्रेलरवर फार वेळ नको. चाक जॅकवर उचलून फिरवा. घरघर आली किंवा वर-खाली धरून हलवल्यावर खळखळलं तर बेअरिंग बदलायचं आहे, आणि ते स्वस्त काम आहे. टायरवरच्या तारखेच्या शिक्क्याचे शेवटचे चार आकडे वाचा: 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसली तरी उन्हात उभ्या राहिलेल्या ट्रेलरचा टायर वयाने जातो.

बाकाखालचा फोम

जुन्या बोटीच्या बाकांखाली फोम असतो. बोट पाण्याने भरली तरी ती बुडू नये म्हणून. काही जुने फोम वर्षानुवर्षं ओलाव्यात राहून पाणी पितात आणि बोट शंभर-दीडशे पौंडांनी जड होते. शंका असेल तर ट्रक स्टॉपवरच्या काट्यावर बोट ट्रेलरसकट तोला, मग नुसता ट्रेलर. फरक मॉडेलच्या छापील वजनापेक्षा बराच जास्त आला तर तो फोममधल्या पाण्याचा.

बाक कापून मोकळी जागा करायचा मोह सगळ्यांना होतो. बाक नुसते बसायला नसतात. ते दोन्ही बाजूंचे पत्रे एकमेकांना बांधून ठेवतात. मधला बाक काढला तर बाजू बाहेर फाकतात, लाटेत बोट पिळवटते आणि तळाचे रिव्हेट सैल होतात. काढायचाच असेल तर आधी नवी चौकट बसवा: दोन्ही बाजूंच्या बरगड्यांना बोल्टने जोडलेले अ‍ॅल्युमिनियमचे कोन आणि त्यांच्यामध्ये तळावरून जाणारा आडवा दांडा. मग बाक कापा. आणि जेवढा फोम निघाला तेवढा परत डेकखाली भरा. दोन पौंड घनतेचा, बंद पेशींचा फोम घनफुटाला साधारण 60 पौंड उचलून धरतो. हार्डवेअरच्या दुकानातली गुलाबी किंवा निळी पॉलिस्टायरीनची पाटीही चालते, पण तिच्यावर पेट्रोल सांडलं की ती विरघळते. म्हणून ती टाकीपासून दूर.

वजनाचा हिशोब कागदावर

करवत हातात घेण्याआधी हे लिहून काढा. समजा प्लेटवर माणसं, इंजिन आणि सामान मिळून 900 पौंड आहेत:

25 हॉर्सपॉवरचं चार-स्ट्रोक इंजिन – 145
सहा गॅलन पेट्रोल आणि टाकी – 45
शिशाची मोठी डीप-सायकल बॅटरी – 65
नाळेवरची ट्रोलिंग मोटर – 40
दोन माणसं – 360
नांगर, गळ, बर्फाची पेटी – 60
डेक, चौकट, खुर्च्या – 120

बेरीज 835. उरले 65, म्हणजे तिसरा माणूस नाही. शिशाच्या जागी लिथियम आयर्न फॉस्फेटची 100 अँपिअर-तासांची बॅटरी घेतली तर पस्तीसेक पौंड वाचतात. पाऊण इंची प्लायवूडऐवजी अर्धा इंची घेतला तर दर 4×8 फुटी पाटीमागे वीसेक पौंड. अर्धा इंची प्लाय साधारण 45 ते 50 पौंड भरतो, तर 0.080 जाडीचा तेवढाच अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा 36. पत्रा महाग, पण कुजत नाही आणि ओला झाला तरी जड होत नाही. पैसे थोडे असतील तर जमिनीला प्लाय आणि पुढच्या डेकला पत्रा अशी वाटणी करा, कारण वर चढवलेला प्रत्येक पौंड बोटीला जास्त हलवतो.

चौकटीला दीड इंची, आठवा इंच जाडीचे 6061 या अ‍ॅल्युमिनियम मिश्रधातूचे कोन पुरतात. लाकडी दोन-बाय-दोन स्वस्त दिसतात, पण पाणी पितात. कोनांचा आधार दर सोळा इंचांवर द्या. त्याहून दूर गेलात तर पाय ठेवताच पत्रा डबक-डबक वाजतो आणि त्या आवाजाने मासे दूर जातात. वर कार्पेट नको, मरीन व्हिनाइल किंवा ईव्हीए फोमची चटई लावा. कार्पेट ओलं राहतं, गळ त्यात अडकतात आणि खाली पत्रा झिजतो. डेकला झाकणं ठेवा, तळापर्यंत हात पोचला पाहिजे. कायमचा बंद केलेला डेक दुसऱ्या वर्षी तोडावा लागतो.

वीज

ट्रोलिंग मोटर निवडायचा ढोबळ नियम: भरलेल्या बोटीच्या दर 100 पौंडांमागे 2 पौंड थ्रस्ट, म्हणजे ढकलण्याचा जोर. रिकामी बोट 270 आणि वरचे 835 मिळून अकराशेच्या घरात जातात, म्हणजे 22 पौंड. पण वारा आणि प्रवाह धरून 45 ते 55 घ्या. 12 व्होल्टची 55 पौंडांची मोटर पूर्ण जोरात 50 अँपिअर ओढते. तिला 60 अँपिअरचा ब्रेकर आणि 6 गेजची वायर द्या. ब्रेकर बॅटरीच्या धन टोकापासून 7 इंचांच्या आत. बॅटरी आणि ब्रेकर यांच्यामधली वायर घासून उघडी पडली तर तिला वाचवणारं काही नसतं.

मोटारीत बॉडीला अर्थ जोडतात तसं इथे करायचं नाही. प्रत्येक दिव्याला, पंपाला दोन वायरी, आणि ऋण वायर परत बॅटरीलाच. पत्र्यातून प्रवाह फिरू लागला की झीज कैक पटीने वाढते. वायर कथिल चढवलेल्या तांब्याची, आणि ती पत्र्यातून जाते तिथे रबरी कडी. पत्र्याच्या कापलेल्या कडेवर वायर एका मोसमात सोलली जाते.

चौकोनी नाळेवर ट्रोलिंग मोटर सपाट बसते. व्ही बोटीला तिच्यासाठी एका बाजूला पुढे आलेली पाटी करावी लागते. ते जमत नसेल तर मागे लावायची मोटर घ्या, पण बोट मागून ढकलत न्यायला वाऱ्यात जास्त मेहनत पडते.

पहिल्यांदा पाण्यात

डेक बसवण्याआधी एकदा, बसवल्यावर पुन्हा एकदा, आणि दोन्ही वेळा शांत, कंबरभर पाण्यात. लाइफ जॅकेट घालून काठाजवळ उभं राहा, हळूहळू वजन बाहेर टाका आणि काठ पाण्यापासून किती इंचांवर येतो ते बघा. डेकनंतर हा आकडा फार घटला असेल तर डेक खाली घ्यायचा, बोटीला शिव्या द्यायच्या नाहीत. प्रत्येक माणसामागे एक लाइफ जॅकेट हवंच, 16 फूट आणि त्यावरच्या बोटीला फेकता येणारं आणखी एक साधन. अंधारात पुढे लाल-हिरवा आणि मागे पांढरा दिवा. 26 फुटांखालच्या बोटीत वेगात जाताना इंजिन बंद करणारी दोरी अंगाला लावणं 1 एप्रिल 2021 पासून संघीय नियमात आहे.

परतताना रॅम्पवरच (बोट पाण्यात सोडायच्या उतारावरच) ड्रेन प्लग काढा, फोमच्या कप्प्यांतलं आणि माशांच्या टाकीतलं पाणी सोडा. मिशिगन, मिनेसोटासारख्या राज्यांत एका तळ्यातलं पाणी दुसऱ्यात जाऊ नये म्हणून प्लग काढूनच बोट रस्त्यावर न्यायचा कायदा आहे. काढलेला प्लग खिशात टाकू नका, गाडीच्या किल्लीलाच अडकवून ठेवा. पुढच्या शनिवारी सकाळी रॅम्पवर बोट सोडल्यावर तळात पाणी चढताना दिसलं, तर शंभरातल्या नव्वद वेळा रिव्हेट नाही, तो प्लगच लावायचा राहिलेला असतो.